हेडफोनमध्ये बरा, मॉनिटरवर भुणभुण: मॉडेलरचा टोन नेमका कुठे बिघडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ॲम्प मॉडेलर (गिटार ॲम्पची नक्कल करणारं यंत्र) थेट पाच इंची स्टुडिओ मॉनिटरच्या जोडीला जोडलाय. फॅक्टरी प्रीसेट हेडफोनमध्ये बरे वाटतात. मॉनिटरवर मात्र हाय-गेन (जास्त डिस्टॉर्शनचा) टोन डब्यात अडकलेल्या माशीसारखा भुणभुणतो, पाम म्यूट केलं (तळहात तारांवर टेकवून वाजवलं) की सगळी खोली घुमते आणि क्लीन टोन पातळ लागतो. खोली ३ बाय ३.६ मीटर, मॉनिटर टेबलावर, टेबल भिंतीला लागून, आणि आवाज बहुतेक वेळा बोलण्याच्या पातळीवर. आता मॉनिटर बदलू, विकतचे आयआर (कॅबिनेट आणि माइकचा ठसा टिपलेल्या फाइली) घेऊ की एफआरएफआर (पूर्ण पल्ल्याचं, सपाट आवाजाचं) कॅबिनेट आणू, असं तुम्ही विचारताय.

खरेदीचं शेवटी बघू. या तीन तक्रारींचं मूळ एक नाही, आणि एकच उपाय शोधत राहिलात तर तिन्ही तशाच राहतील. घुमणं बहुतांशी खोलीचं आहे. भुणभुण प्रीसेटमधली आहे, त्यातही ॲम्पच्या नॉबपेक्षा कॅब (स्पीकरचं कॅबिनेट) आणि माइकच्या निवडीतली. पातळपणा बराचसा कमी आवाजात ऐकण्यातून येतो. हेडफोनमध्ये खोलीच नसते, म्हणून घुमणं तिथे नाहीसं होतं. तुमच्या सांगण्यातला हाच भाग निदानाला सगळ्यात उपयोगी आहे.

एक गोष्ट आधी पटवून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उलटं वाटेल. मॉनिटरमधून तुम्हाला ॲम्पचा आवाज ऐकू येत नाही. दुसऱ्या एका खोलीत ॲम्प वाजतोय, त्याच्या स्पीकरच्या जाळीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर माइक लावलाय, आणि त्या माइकने टिपलेलं तुम्ही ऐकताय. खऱ्या ॲम्पसमोर उभं राहिलं की कॅबिनेट गुडघ्याशी असतं आणि कान त्याच्या अक्षापासून बरेच वर असतात. बारा इंची स्पीकर वरच्या फ्रीक्वेन्सी टॉर्चच्या झोतासारख्या सरळ समोर फेकतो, त्यामुळे तो टोकदार भाग कानावरून निसटतो. माइक मात्र बरोबर त्या झोतात असतो. स्पीकरच्या मधोमध कान टेकवून कोणी गिटार ऐकत नाही, पण ढिसाळ निवडलेला आयआर तुम्हाला तेच ऐकवतो. मॉनिटर त्यातलं काही लपवत नाही, एवढाच त्याचा दोष.

आता जोडणी. इथे पाचच मिनिटं द्या, पण टाळू नका. मॉडेलरच्या ग्लोबल सेटिंगमध्ये आउटपुट लाइन लेव्हलवर आहे ना ते बघा. ते इन्स्ट्रुमेंट लेव्हलवर राहिलं तर मॉनिटरचा गेन वाढवावा लागतो आणि सोबत हिस् वाढतो. केबल बॅलन्स्ड टीआरएस (तीन संपर्कांच्या जॅकची) हवी. गिटारचीच केबल लावली तर चालते, पण यूएसबीही जोडलेलं असेल तर घरघर घुसायला वाट मिळते. मॉडेलरमध्ये आउटपुट कशाला जोडलंय हे विचारणारं सेटिंग असेल, तर ते स्टुडिओ किंवा डायरेक्टवर ठेवा. ते कॉम्बो किंवा पॉवर ॲम्पवर राहिलं की काही मॉडेलर कॅब सिम्युलेशन बंद करतात, आणि कॅबशिवायचा डिस्टॉर्शन म्हणजे शुद्ध भुणभुण. उलटी चूकही दिसते: मॉडेलरमध्ये कॅब चालू आणि संगणकातल्या प्लगिनमध्येही कॅब चालू. तेव्हा आवाज गोधडीखालून आल्यासारखा गढूळ होतो. ग्लोबल ईक्यू (सगळ्या प्रीसेटना लागू होणारा इक्वलायझर) सपाट करा. आधी कधीतरी हेडफोनसाठी फिरवलेला ईक्यू सगळ्या प्रीसेटवर बसून राहिलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

इनपुटच्या बाजूला, इम्पीडन्स १ मेगओहम ठेवा. काही यंत्रांत ते ऑटोवर असतं आणि साखळीतल्या पहिल्या ब्लॉकप्रमाणे, म्हणजे पहिल्या इफेक्टप्रमाणे, बदलतं. पहिला ब्लॉक फझचा असला की इम्पीडन्स खूप खाली येतो आणि पिकअपची धार जाते. फझ हवा असेल तेव्हा ते बरोबरच आहे, नको असेल तेव्हा गोंधळात टाकतं. इनपुट लेव्हल मात्र मूळ जागीच राहू द्या. रेकॉर्डिंगमधली सवय म्हणून मीटर अमुक आकड्यावर आणण्यासाठी इनपुट फिरवू नका. ॲम्पचं मॉडेल तुमच्या पिकअपच्या खऱ्या व्होल्टेजवर बेतलेलं असतं, त्यात ढवळाढवळ केली की सगळे ॲम्प एकतर जास्त भडक किंवा जास्त मिळमिळीत वागतात. पॅड (सिग्नल कमी करणारा स्विच) लावायचा तो फक्त जोरदार हमबकर पिकअपने इनपुट खरोखर क्लिप होत असेल तर.

आता खोली. ३.६ मीटर लांबीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये पहिली घुमणारी फ्रीक्वेन्सी साधारण ४८ हर्ट्झ आणि दुसरी ९५ हर्ट्झ येते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले लांबीची दुप्पट, हे पहिलीचं गणित, आणि दुसरी तिच्या दुप्पट. ३ मीटर रुंदीसाठी हेच आकडे ५७ आणि ११४. गिटारची सगळ्यात जाड तार उघडी वाजवली तर ८२ हर्ट्झ. तिच्या तिसऱ्या फ्रेटचा जी ९८ हर्ट्झ, पाचव्याचा ए ११०, सहाव्यावरचा ए शार्प ११६.५. म्हणजे ९५ आणि ११४ ही तुमच्या खोलीची दोन्ही घुमणारी ठिकाणं थेट पाम म्यूटच्या घरात बसलीत. ताडून बघायचं असेल तर जाड तारेवर पहिल्या फ्रेटपासून आठव्यापर्यंत एकसारख्या जोराने पाम म्यूट करत जा. तिसऱ्याच्या आणि पाचव्या-सहाव्याच्या आसपासचे स्वर फुगले आणि बाकीचे शिस्तीत राहिले, तर दोष ॲम्पचा नाही. तेच हेडफोनमध्ये करा, स्वर बऱ्यापैकी सारखे निघतील. ॲम्पचा बेस सगळे स्वर एकत्र वरखाली करतो, एखाददुसरा स्वर निवडून फुगवत नाही. हा फरक कळला की अर्ध्या रात्री वाचतात.

दुसरी भानगड मॉनिटर आणि मागच्या भिंतीमधल्या अंतराची. मॉनिटरचा खालचा आवाज मागेही जातो, भिंतीवर आपटून परत येतो, आणि भिंतीपासून स्पीकरच्या तोंडापर्यंतचं अंतर ज्या फ्रीक्वेन्सीच्या पाव तरंगलांबीएवढं असतं तिथे तो समोरच्या आवाजाला खाऊन टाकतो. मॉनिटरची पुढून मागे लांबी २५ सेंटिमीटर आणि मागे १५ सेंटिमीटर मोकळी जागा धरली तर एकूण ४०, म्हणजे खड्डा २१४ हर्ट्झला. क्लीन टोनचं अंग तिथेच असतं. ‘पातळ लागतो’ या तुमच्या तक्रारीचा एक वाटा इथे असू शकतो. पूर्ण एक मीटर पुढे ओढलंत तर खड्डा ८६ हर्ट्झला येईल, तेही वाईटच. म्हणून लहान खोलीत मी मॉनिटर भिंतीला शक्य तितके जवळ ठेवायला सांगतो, मागे पाचेक सेंटिमीटर, बास-पोर्ट मागे असेल तर थोडं जास्त. खड्डा वर सरकतो आणि तिथे मॉनिटर मागे कमी आवाज फेकतो, शिवाय मागे दहा सेंटिमीटर जाडीचा रॉकवूलचा (आवाज शोषणारा) पॅनल बसवता आला तर त्या पट्ट्यात तो काम करतो. भिंतीजवळ गेल्याने बेस फुगतो, त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर लो ट्रिम किंवा रूम लिहिलेला स्विच असतो. उणे २ वर टाका, मॉनिटर कोपऱ्यात असतील तर उणे ४.

बसण्याची जागा खोलीच्या मधोमध नको. तिथे दुसरी घुमणारी फ्रीक्वेन्सी, म्हणजे तुमच्याकडे ९५ हर्ट्झ, सगळ्यात जोरात असते. लांबीच्या दिशेने तोंड करून समोरच्या भिंतीपासून १.३ ते १.४ मीटरवर डोकं येऊ द्या. दोन मॉनिटर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला. टेबलाच्या पृष्ठभागावरून उडणारा आवाज कमी करायला मॉनिटर पंधरा सेंटिमीटर उचला किंवा कललेल्या फोमवर ठेवा. एवढ्याने खोली स्टुडिओ होणार नाही. कोपऱ्यांत जाड शोषक भरल्याशिवाय ९५ हर्ट्झ पूर्ण शांत होत नाही, आणि तो खर्च करायचा की नाही हे तुम्ही रेकॉर्डिंग किती गंभीरपणे करता त्यावर अवलंबून आहे. पण मॉनिटर कुठे खोटं बोलतोय हे कळलं की त्या खोट्यावर विसंबून प्रीसेटमधला बेस कापला जात नाही. नाहीतर काय होतं, घरी घुमतं म्हणून १०० हर्ट्झ कापला जातो आणि तोच प्रीसेट दुसरीकडे वाजवला की सांगाडा उरतो.

आता आवाजाची पातळी. हळू आवाजात कानाला खर्ज आणि अगदी वरचा भाग कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे वक्र मांडले आणि आजचं आयएसओ २२६ हे मानक त्याच कामाची पुढची पायरी आहे. गिटारवाल्यासाठी त्याचा अर्थ असा: बोलण्याच्या पातळीवर बसवलेला प्रीसेट मोठ्या आवाजात फुगलेला बेस आणि कर्कश टोकं दाखवतो, कारण कमी पडलेलं भरून काढायला तुम्ही दोन्ही बाजू वाढवलेल्या असतात. टोन बसवण्यासाठी दिवसातली दहा-पंधरा मिनिटं तरी ७५ डेसिबलच्या आसपास मिळवा. मोजायला फोनमधलं ॲप अंदाजापुरतं चालतं, त्यातलं वेटिंग ‘सी’ वर ठेवा, ‘ए’ वर ठेवलंत तर खर्ज मोजणीतच येत नाही. निर्णय त्या पातळीवर घ्यायचे, सराव हळू आवाजात करायचा. हळू आवाजात पातळ वाटलं तर प्रीसेट बदलू नका, ग्लोबल ईक्यूवर १०० हर्ट्झच्या खाली २-३ डेसिबल चढवा आणि मोठ्या आवाजात तो बंद करा.

याच विषयात एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांच्या नजरेतून सुटते. हळू आवाजात वाजवताना गिटारच्या तारांचा स्वतःचा, बिनॲम्पचा चटचट आवाज कानावर येतच असतो, आणि तो मॉनिटरमधल्या टोनमध्ये मिसळतो. मग ट्रेबल जास्त वाटतो, तुम्ही तो कमी करता, आणि रेकॉर्ड झालेलं ऐकलं तर टोन ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. यावर उपाय लूपर, म्हणजे वाजवलेलं टिपून पुन्हा पुन्हा ऐकवणारा इफेक्ट. साखळीत सगळ्यात पहिला ब्लॉक लूपरचा ठेवा, ॲम्पच्या आधी. त्यात वीस सेकंद वाजवा: थोडे पाम म्यूट, एक पूर्ण सहा तारांचा कॉर्ड, वरच्या फ्रेटवरची एक ओळ. गिटार स्टँडवर ठेवा, जागेवर बसा आणि लूप चालू ठेवून नॉब फिरवा. ॲम्पच्या आधी लूपर असल्यामुळे प्रत्येक बदल त्याच वाजवण्यावर ऐकू येतो, आणि बोटं टोनप्रमाणे आपोआप वाजवणं बदलतात तो गोंधळही राहत नाही.

आता भुणभुण. इथे जास्त वेळ द्यायला हवा.

गिटारचा स्पीकर फार वर जातच नाही. सेलेस्टियन व्हिंटेज ३० साठी कंपनीने दिलेला पल्ला ७० ते ५००० हर्ट्झ आहे, त्याच कंपनीच्या ग्रीनबॅक स्पीकरचंही वरचं टोक ५००० हर्ट्झच. त्यापुढे उतार तीव्र. मॉनिटरचा ट्वीटर २० किलोहर्ट्झपर्यंत आरामात जातो. डिस्टॉर्शन खूप वरपर्यंत हार्मोनिक तयार करतं, आणि त्यातलं काय कानापर्यंत पोचणार हे कॅब ठरवतो. म्हणून मी ॲम्पच्या नॉबला हात लावण्याआधी कॅब बसवतो. बहुतेक जण उलटं करतात: चुकीच्या कॅबवर ट्रेबल ३, प्रेझेन्स ०, मिड ८ असं काहीतरी करून भुणभुण दाबतात, आणि मग ॲम्प मेलेला लागतो.

ॲम्प ठीकठाक मध्यावर ठेवा, लूप चालवा आणि कॅब बदलून ऐका. पाच-सहाच, पन्नास नाही. दहाव्या आयआरनंतर कान थकतो आणि मग जो मोठ्याने वाजतो तो आवडतो. म्हणून प्रत्येकाची लेव्हल कॅब ब्लॉकच्या आउटपुटवरून एका डेसिबलच्या आत सारखी करा, हे कंटाळवाणं काम टाळलंत तर तुलना फुकट जाते. आधी स्पीकर निवडा: व्हिंटेज ३० ला वरच्या मिडमध्ये ठसठशीत उंचवटा आहे, हाय-गेनमध्ये तो मिक्समधून वर येतो पण एकट्याने ऐकताना टोचतो. ग्रीनबॅक मऊ आणि जरा केसाळ. मग माइक. मग माइकची जागा, आणि खरा खेळ तिथेच आहे.

उदाहरणार्थ एसएम ५७ हा माइक घ्या. त्याच्या स्वतःच्या आवाजात ६ किलोहर्ट्झजवळ उंचवटा आहे. तो स्पीकरच्या मधल्या टोपीवर रोखला तर स्पीकरची सगळ्यात धारदार जागा आणि माइकचा सगळ्यात धारदार भाग एकमेकांवर चढतात. हीच तुमची माशी. मॉडेलरमध्ये माइकची पोझिशन फिरवता येत असेल तर टोपी (कॅप) आणि स्पीकरचा कागदी शंकू (कोन) जिथे जुळतात तिथे, जाळीपासून २.५ ते ५ सेंटिमीटरवर सुरुवात करा. अजून टोचतंय? ईक्यूला हात न लावता माइक एक सेंटिमीटर बाहेर सरकवा. ईक्यूने कापलं की तो पट्टा नुसता खाली जातो. जागा बदलली की टोनचा सगळा तोल बदलतो, आणि तो बदल कानाला नैसर्गिक वाटतो. फार बाहेर गेलात की आवाज गढूळ होतो, तिथून अर्ध्याने परत या. पोझिशन नसलेले तयार आयआर असतील तर फाइलच्या नावात कॅप, कॅप एज, कोन अशा खुणा असतात, त्यात कॅप एजवाल्यांपासून ऐका.

दुसरा माइक म्हणून रिबन, उदाहरणार्थ रॉयर १२१ चं मॉडेल, ५७ सोबत चाळीस टक्क्यांपर्यंत मिसळला की अंग येतं. पण दोन माइकच्या अंतरात फरक असला तर ते एकमेकांना कापतात. ५ सेंटिमीटरचा फरक म्हणजे सुमारे ०.१५ मिलिसेकंद, आणि ३.४ किलोहर्ट्झला खड्डा. तपासायची सोपी युक्ती: एका माइकची पोलॅरिटी उलटी करा. उलटी केल्यावर टोन भरीव झाला तर आधी दोघं भांडत होते. दोन्ही माइक एकाच अंतरावर ठेवा. तरी जमलं नाही तर एकच माइक ठेवा, एका ५७ वर बसवलेला टोन मुळीच कमी दर्जाचा नसतो.

कॅबनंतर लो कट आणि हाय कट. लो कट ८० ते १०० हर्ट्झ, हाय कट ६.५ ते ८ किलोहर्ट्झ, पण आकड्याइतकाच उतार महत्त्वाचा. ऑक्टेव्हला १२ डेसिबलचा उतार असेल तर ७ किलोहर्ट्झ पुरतो, ६ डेसिबलचा असेल तर तेवढंच काम व्हायला ५ पर्यंत यावं लागतं. दुसऱ्याचे आकडे उचलून बसत नाहीत त्याचं हे एक कारण. एवढं करूनही एखादी बारीक शिट्टी उरली तर पॅरामेट्रिक ईक्यूचा एक पट्टा अरुंद करा, क्यू (पट्ट्याचा अरुंदपणा) ५ च्या आसपास, ८ डेसिबल वाढवा आणि ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये हळू फिरवा. जिथे किंचाळेल तिथे थांबा आणि ३ डेसिबल कापा. असे कट जास्तीत जास्त दोन. अशा शोधात सगळंच किंचाळतं, आणि सहा कट झाले की टोन फेजरमधून काढल्यासारखा होतो. तसं व्हायला लागलं तर आयआरच चुकीचा आहे, तो बदला.

मग ॲम्प. नॉब मध्यावर म्हणजे सपाट, ही कल्पना सोडून द्या. मॉडेलमध्ये खऱ्या ॲम्पच्या खोडीही उतरलेल्या असतात. मार्शल २२०३ च्या धर्तीचा ॲम्प घेतला तर त्याचे टोन नॉब गेनच्या टप्प्यांनंतर येतात, म्हणून बेस वाढवल्याने डिस्टॉर्शन चिखल होत नाही, फक्त आवाज जाड होतो. मेसा मार्कच्या जातीच्या ॲम्पमध्ये टोन नॉब डिस्टॉर्शनच्या आधी आहेत. तिथे बेस ५ वर ठेवला की पाम म्यूट भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाजतो. बेस १ किंवा २ वर ठेवून जाडी नंतरच्या ग्राफिक ईक्यूच्या ८० हर्ट्झच्या पट्टीने द्यायची असते. व्हॉक्स एसी ३० मधला कट नॉब वाढवला की ट्रेबल कमी होतो, नाव वाचून लोक उलटा फिरवतात. ब्राइट स्विच किंवा ब्राइट कॅपॅसिटर असलेल्या ॲम्पमध्ये गेन जितका कमी तितका त्याचा परिणाम जास्त, म्हणून क्लीन टोन टोचत असेल तर ट्रेबल कमी करण्याआधी गेन ३ वरून ५ वर नेऊन बघा. बरेचदा टोचणंही जातं आणि अंगही येतं, तुमच्या पातळ क्लीनचा दुसरा वाटा इथे असेल.

मास्टर नॉब हा आवाजाचा नॉब नाही. तो पॉवर ॲम्प किती दाबला जातोय ते ठरवतो. २२०३ सारख्या मॉडेलवर माझी सुरुवात अशी असते: प्रीॲम्प ५, बेस ४, मिड ६, ट्रेबल ५, प्रेझेन्स ४, मास्टर ४. आवाज कमीजास्त करायचा तो चॅनल व्हॉल्यूम किंवा आउटपुट ब्लॉकवरून. मास्टर १ वर ठेवून बाकी सगळं प्रीॲम्पने भडकवलं की मिळणारा टोन कोरडा आणि वाळूसारखा खरखरीत असतो.

गेन तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी लागतो. कसोटी सोपी आहे: लूपमधला सहा तारांचा कॉर्ड ऐका आणि मधल्या दोन तारांचे स्वर वेगळे ओळखू येतायत का बघा. येत नसतील तर गेन एकेक आकड्याने उतरवा. रिफला धार कमी पडली तर ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमरच्या जातीचं ड्राइव्ह पेडल लावा: ड्राइव्ह ०, टोन ५, लेव्हल ८. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी गेनने जातो, म्हणून ॲम्पमध्ये खर्ज कमी शिरतो आणि पाम म्यूट आवळला जातो. गेन न वाढवता घट्टपणा मिळतो. ॲम्पच्या मॉडेलमध्ये डेप्थ किंवा रेझोनन्स असेल तर तोही २ वर आणा. खोलीचं ९५ हर्ट्झ आणि हा नॉब एकाच जागी मारा करतात.

नेहमी एक ओळखीचं रेकॉर्डिंग त्याच मॉनिटरवर, त्याच लेव्हलला अधूनमधून वाजवा. तेही घुमत असेल तर उत्तर खोलीत आहे. फक्त ध्यानात ठेवा, तिथे गिटारच्या खाली बास आणि वर झांजा आहेत, शिवाय भरदार गिटार बहुधा दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाकलेली असते. तुमची एकटी गिटार त्याच्या शेजारी उघडी पडणारच. तुलना ड्रम आणि बासच्या ट्रॅकसोबत वाजवून करा. रेकॉर्डिंगला रुंदी हवी असेल तर तोच भाग दुसऱ्यांदा वाजवा, पहिल्याची नक्कल करून दुसऱ्या बाजूला टाकली तर ती मधोमधच ऐकू येते.

जवळच्या माइकच्या आयआरमध्ये खोलीचा आवाज नसतो, आणि ‘कोरडं वाटतं’ म्हणतात ते त्यामुळे. कॅबनंतर रूम रिव्हर्ब लावा: डीके (विरण्याचा वेळ) ०.४ सेकंद, प्रीडिले (सुरू होण्याआधीचा विलंब) १० मिलिसेकंद, मिक्स १२ टक्के, लो कट २०० हर्ट्झ. बंद केल्यावर जाणवावा, चालू असताना नाही.

संगणकावर रेकॉर्ड करताना टोन अचानक पोकळ झाला तर आधी हे बघा की गिटार दोनदा ऐकू येत नाही ना, एकदा मॉडेलरमधून थेट आणि एकदा सॉफ्टवेअरमधून फिरून. ५ मिलिसेकंदाच्या फरकाने १००, ३००, ५०० हर्ट्झ असे ओळीने खड्डे पडतात. ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग बंद करा, झालं.

आता खरेदी. पाच इंची मॉनिटर गिटारला पुरतात, कारण ८२ हर्ट्झच्या खाली गिटारचं काही नाही. सात तारांची किंवा खाली ट्यून केलेली असेल तरच मोठ्यांचा विचार करा, आणि तुमच्या खोलीत मोठे मॉनिटर म्हणजे मोठं घुमणं. एफआरएफआर कॅबिनेटही पूर्ण पल्ल्याचं असतं, त्यामुळे भुणभुण तिथे जशीच्या तशी जाईल. त्याचा उपयोग स्टेजवर आणि मोठ्या आवाजासाठी. पँट हलवणारा, समोर उभ्या ॲम्पचा अनुभवच हवा असेल तर पॉवर ॲम्प आणि खरं गिटार कॅबिनेट लागेल, आणि तिथे मॉडेलरमधला कॅब ब्लॉक बंद ठेवावा लागेल. पैसे आत्ताच खर्च करायचे असतील तर पहिले मॉनिटरमागच्या आणि कोपऱ्यातल्या पॅनलवर.

आयआर विकत घ्यायला हरकत नाही, पण वरची मेहनत एकदा मॉडेलरमधल्याच कॅबवर करून झाल्यावर. तेव्हा तुम्हाला कुठला स्पीकर आवडतो हे ठाऊक असेल, आणि दोनशे फाइलींच्या गठ्ठ्याऐवजी त्या एका स्पीकरचा, माइकच्या जागा नावात स्पष्ट लिहिलेला संच घेता येईल. फाइली मॉडेलर ज्या सॅम्पल रेटवर चालतो त्याच रेटच्या उतरवा, बहुधा ४८ किलोहर्ट्झ. ४४.१ ची फाइल न बदलता ४८ वर वाजली तर कॅबचा सगळा स्वभाव जवळपास नऊ टक्के वर सरकतो, बारा इंची स्पीकर अकरा इंची झाल्यासारखा.